अधिकाऱ्यांना ‘लोकांना विचारायचं कसं’ हे शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

नकाशावाली

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी नगररचनेतली. गेली काही वर्षं पालिकांमधल्या अधिकाऱ्यांची ट्रेनिंगं घेते, विषय ठरलेला, ‘शहर नियोजनात लोकसहभाग’. एक दिवसाचं असतं, कधी दोन दिवसांचं. पहिली दोन-तीन वर्षं मी पण सगळे करतात तेच केलं, स्लाइड्स, व्याख्या, जगातली चार उदाहरणं, शेवटी फीडबॅक फॉर्म. फॉर्मवर सगळे ‘उत्तम’ लिहून जायचे, आणि सहा महिन्यांनी त्याच शहराचा आराखडा बघावा तर हरकती-सूचनांची तीच पद्धत, तोच एक हॉल, तोच एक माइक.

मग मी एक गोष्ट बदलली. सकाळी पहिल्याच तासाला, काही न बोलता, एक जाहीर सूचना आणि सोबतचा नकाशा सगळ्यांच्या हातात देते. खरीखुरी असते, फक्त शहराचं नाव झाकलेलं. सांगते की तुम्ही आता अधिकारी नाही, तुमचं घर या या सर्व्हे नंबरवर आहे, नवीन रस्ता तुमच्या घरावरून जातो की नाही ते शोधा आणि जात असेल तर हरकत लिहा, वेळ वीस मिनिटं. तीसेक लोक असतात, त्यात अभियंते, नगररचनाकार, वरिष्ठ लिपिक. चार-पाच जणांना जमतं. बाकीचे नकाशा उलटा-सुलटा करत बसतात, कुणी म्हणतं प्रिंट पुसट आहे, कुणी म्हणतं मुदत कधीपासून मोजायची तेच कळत नाही. ही भाषा त्यांच्याच ऑफिसांतून रोज बाहेर पडते. त्या वीस मिनिटांनंतर हॉलमध्ये जी शांतता असते ना, खरं ट्रेनिंग मला वाटतं तिथून सुरू होतं.

आता माझं म्हणणं. लोकसहभागाच्या ट्रेनिंगमध्ये आपण सभा कशी घ्यायची, पोस्टर कसं लावायचं, गट कसे पाडायचे हे सगळं शिकवतो आणि दोन गोष्टी सोडून देतो. एक, विचारायचं कधी. दोन, विचारून झाल्यावर परत जाऊन सांगायचं काय. नकाशावरची रेघ पक्की झाल्यावर विचारलं तर लोकांच्या हातात फक्त विरोध उरतो. आणि उत्तर दिलंच नाही तर पुढच्या वेळी बोलावलं तरी लोक येत नाहीत, आले तर भांडायला येतात, आणि मग आपणच म्हणतो की लोकांना सहभागात इंटरेस्ट नाही.

हे काही मी शोधलेलं नाही. युरोपातल्या देशांनी १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात एक करार केला, पर्यावरणाशी संबंधित निर्णयांत लोकांचा हक्क काय यावर. त्यात स्पष्ट अट आहे की लोकांना सुरुवातीलाच सामील करून घ्यायचं, सगळे पर्याय खुले असताना. आणि निर्णय झाल्यावर तो कारणांसकट लोकांसमोर ठेवायचा. दोन्ही टोकं तिथे आहेत. आपण मात्र ट्रेनिंग देतो ते फक्त मधल्या सभेचं.

तुमच्यापैकी कुणी पालिकेत काम केलंय, कुणी सुनावणीला जाऊन आलंय, कुणी असं ट्रेनिंग घेतलंय, सगळ्यांनी लिहा. मला पुढच्या बॅचसाठी खरंच उपयोग होणार आहे.

पायवाट

सुनावणीला जाऊन आलेली मी. हरकत लिहायला तीन रविवार लागले, शेजारच्या एका आर्किटेक्ट मुलाने नकाशा समजावून दिला म्हणून जमलं. मुद्दा एवढाच होता की शाळेला जाणारी पायवाट नव्या रस्त्यामुळे तुटते, मुलांना दुभाजकाला वळसा घालून यावं लागेल, एक क्रॉसिंग द्या. सुनावणीच्या दिवशी चार तास बसले. माझा नंबर आला तेव्हा समोरच्या तिघांपैकी एक फोनवर होते, एक सही करत होते. तिसऱ्यांनी ‘लेखी दिलंय ना, ठीक आहे’ म्हटलं. संपलं.

नंतर काहीच नाही. पत्र नाही, फोन नाही. वर्ष उलटल्यावर कळलं की आराखडा मंजूर झाला. क्रॉसिंग नाही दिलं याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त हे की माझा कागद कुणी वाचला का तेच मला आजपर्यंत माहीत नाही. ‘वाचलं, पण तिथे उतार जास्त आहे म्हणून क्रॉसिंग धोक्याचं ठरेल’ असं कुणी एका ओळीत लिहिलं असतं तर मी मान्य केलं असतं हो. खरंच केलं असतं.

तेव्हा नकाशावाली, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन.

निवृत्त अभियंता

पायवाट ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस आहे म्हणून लिहितो. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच रस्ते आणि पावसाळी गटारांच्या कामात.

बाहेरून दिसतं की अधिकाऱ्याला लोकांची पर्वा नाही. काहींना नसते, ते सोडा. पण बहुतेकांच्या मनात भीती असते हे कुणी ट्रेनिंगमध्ये बोलतच नाही. लोकांना विचारलं नाही म्हणून कुणाची चौकशी लागलेली मी पाहिली नाही, काम लांबलं म्हणून मात्र लागते. निर्णयाचं कारण लेखी दिलं की ते उद्या कोर्टात पुरावा म्हणून समोर येईल असं आम्हाला वरिष्ठांनीच शिकवलेलं, त्यामुळे जितकं कमी लिहाल तितकं सुरक्षित. मीटिंगमध्ये ‘बघतो’ म्हणायचं, ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. मी स्वतः शेकडो वेळा ‘बघतो’ म्हटलंय.

एक अनुभव सांगतो. एका उताराच्या वस्तीत पावसाळी गटार टाकायचं होतं. ड्रॉइंग तयार, लेव्हल घेतलेल्या, पाइपचा व्यास काढलेला. काम सुरू व्हायच्या आधी सहज एकदा जागेवर गेलो तर ओट्यावर दोन-तीन म्हाताऱ्या बायका बसलेल्या, त्यांनी विचारलं काय करताय. सांगितलं. तर एक म्हणाली की पाणी या बाजूने येतच नाही, मागच्या भिंतीला भोक पडलंय तिथून येतं, दर पावसाळ्यात आम्ही तिथे पोती लावतो. मागे जाऊन पाहिलं तर खरंच, वरच्या प्लॉटवाल्याने भराव टाकला होता आणि पाण्याची वाटच बदललेली. आमचा सर्व्हे भरावाच्या आधीचा. आठ दिवसांत ड्रॉइंग बदललं. तिला न विचारता काम केलं असतं तर उत्तम दर्जाचं गटार कोरडं राहिलं असतं आणि पाणी घरांत गेलं असतं.

ही गोष्ट मी कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिली नाही. कारण लिहायला रकानाच नव्हता. ‘सुधारित लेव्हलप्रमाणे बदल’ असं लिहिलं. आज वाटतं तिथे तिचं नाव यायला हवं होतं.

शंकासुर

चर्चा चांगली चाललीय पण मला मूळ गृहीतकच पटत नाही. हा ट्रेनिंगचा प्रश्नच नाही, सत्तेचा आहे. अधिकाऱ्याला विचारायचं कसं हे कळत नाही असं थोडंच आहे, निर्णय आधीच झालेला असतो म्हणून तो विचारत नाही. तुम्ही त्याला कितीही गोड बोलायला शिकवा, वरून आलेली रेघ तो हलवू शकत नाही. उलट ट्रेनिंगमुळे धोका वाढतो, कारण आता तो लोकांना जास्त चांगल्या पद्धतीने शांत करेल. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्या सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या म्हणजे लोकांना गुंडाळणं आणि लोकांची समजूत घालणं. त्यांनी सरकारी गृहनिर्माण खात्यात काम केलं होतं, आतून पाहून लिहिलंय. ट्रेनिंगने माणूस दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या-चौथ्यावर येईल, माहिती देईल, मत विचारेल. सहाव्या पायरीवर, म्हणजे भागीदारीवर, जायला अधिकार वाटून द्यावा लागतो आणि तो ट्रेनिंग हॉलमध्ये मिळत नाही.

उंबरठा

मी सध्या नगररचना विभागात आहे, कनिष्ठ पदावर. दोन्ही बाजू पटतात म्हणून अडचण होते. गेल्या वर्षी मला असंच एक ट्रेनिंग मिळालं, (नकाशावाली मॅडमचं नव्हतं) खूप आवडलं, परत येऊन साहेबांना म्हटलं की पुढच्या वॉर्डच्या कामात आधी एक बैठक घेऊया. साहेब म्हणाले ट्रेनिंग तुला दिलंय, मला नाही. वाईट स्वभावाचे नाहीत ते, पण त्यांना खरंच कुणी कधी पाठवलं नाही. आमच्याकडे ट्रेनिंगचं पत्र आलं की ज्याच्याकडे काम कमी त्याला पाठवतात. आणि मी जे शिकले ते वापरायच्या आत माझ्या दोन सहकाऱ्यांची बदली झाली.

निवृत्त अभियंता

उंबरठा, हे अगदी खरं. पाठवायचं तर वरून खालपर्यंत अख्खी साखळी एकदम पाठवायला हवी, म्हणजे सही करणारा आणि मसुदा लिहिणारा दोघं त्या वीस मिनिटांत एकाच नकाशावर घाम गाळतील.

नकाशावाली

शंकासुर, तुमच्याशी अर्धी सहमत आहे आणि अर्धी नाही, जरा लांब लिहिते.

अधिकार वाटल्याशिवाय सहभाग पोकळ, मान्य. पण अधिकार वाटला आणि माणसं तयार केली नाहीत तर तोही पोकळच राहतो, हे केरळने ओळखलं. १९९६ मध्ये तिथे लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली, राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरलं. आधी पैसा वाटायचं जाहीर केलं, आणि सोबत लगेच ट्रेनिंगची प्रचंड साखळी उभी केली. राज्य पातळीवर काहीशे लोक तयार केले, त्यांनी जिल्ह्यात हजारोंना शिकवलं, त्यांनी खाली लाखाच्या वर लोकांना. आणि एकाच वर्गात निवडून आलेले सदस्य, अधिकारी आणि कार्यकर्ते एकत्र बसायचे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एरवी या तिघांची ट्रेनिंगं वेगळी होतात आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याला दोष देत घरी जातो. स्थानिक योजना तांत्रिकदृष्ट्या तपासायला निवृत्त अभियंते आणि इतर जाणकार स्वयंसेवक म्हणून घेतले, म्हणजे निवृत्त अभियंता, तुमच्यासारखेच लोक.

दुसरं उदाहरण ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराचं, १९८९ पासूनचं. लोक एकत्र येऊन पालिकेच्या गुंतवणुकीचे अग्रक्रम ठरवतात याबद्दल ते प्रसिद्ध आहे. पण सुरुवातीला ते जवळजवळ फसलं होतं. लोकांनी मागण्या केल्या, तिजोरीत पैसे नव्हते, कामं झाली नाहीत, आणि पुढच्या फेरीला लोक यायचे कमी झाले. मग पालिकेने उत्पन्न सावरलं आणि शिस्त बसवली, दरवर्षी कुठल्या भागात कुठलं काम ठरलं याची पुस्तिका छापायची, आणि नवीन फेरी सुरू करताना आधी गेल्या वर्षीचा हिशोब लोकांसमोर मांडायचा. त्यानंतर गर्दी वाढत गेली. वाटपाची सूत्रंही उघड होती, ज्या भागात सोयी कमी त्याला गुण जास्त. पुढे सत्ता बदलली तशी ती पद्धत क्षीण होत गेली, म्हणजे तुमचा सत्तेचा मुद्दा तिथेही आहेच. पण लोक परत येऊ लागले ते हिशोबामुळे, आणि हिशोब मांडणं हे शिकवता येतं. मी तेवढंच म्हणते.

आणि ‘शांत करायचं कौशल्य’ याबद्दल तुमची भीती मी गंभीरपणे घेते. म्हणून आता ट्रेनिंगमध्ये मी एक तक्ता भरून घेते. हातातल्या खऱ्या प्रकल्पात काय काय ठरून गेलंय, आणि काय अजून खरंच बदलू शकतं. दुसऱ्या रकान्यात काहीच येत नसेल तर त्यांना सांगते की सभा घेऊ नका. लोकांना सरळ कळवा की निर्णय झालाय आणि का झालाय. आंतरराष्ट्रीय पातळीवर सहभागाच्या ज्या पाच पातळ्या शिकवल्या जातात, माहिती देणं, मत घेणं, सामील करणं, सहकार्य, निर्णय सोपवणं, त्यात प्रत्येक पातळीपुढे लोकांना द्यायचं वचन लिहिलेलं असतं. बहुतेक ट्रेनर पाच नावं पाठ करून घेतात आणि वचनाचा भाग वगळतात. मत घेणार असाल तर वचन हे की तुमच्या मताने निर्णयावर काय परिणाम झाला ते आम्ही सांगू. म्हणजे पायवाटला एक ओळ यायलाच हवी होती, ते उपकार नव्हते.

गवाक्ष

जर्मनीत काही वर्षं होतो म्हणून तिकडचं सांगतो, विषयाला अगदी लागू आहे. श्टुटगार्टमध्ये रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचा मोठा प्रकल्प, १९९४ मध्ये जाहीर झालेला. कायद्यात सांगितलेली सगळी प्रक्रिया झाली होती, कागद प्रसिद्ध, हरकती, सुनावण्या, कोर्ट, सगळं. आणि तरीही २०१० मध्ये बागेतली झाडं तोडायची वेळ आली तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले, ३० सप्टेंबरला पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, बरेच जखमी झाले. नंतर मध्यस्थ नेमून दोन्ही बाजूंची चर्चा टीव्हीवर थेट दाखवली, तासन्‌तास, आणि लोकांनी ती पाहिली. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जनमत घेतलं तर बहुमत प्रकल्पातून बाहेर पडायच्या विरोधात गेलं, म्हणजे प्रकल्प चालू राहिला.

इथे मला दोन गोष्टी दिसतात. कायद्याने सांगितलेलं सगळं करूनही लोकांना विचारलं असं वाटलं नाही, कारण विचारलं तेव्हा मूळ प्रश्न, स्टेशन खाली न्यायचं की नाही, हा बंद झालेला होता. आणि दुसरं, त्यानंतर तिथल्या राज्याने धडा घेतला. राज्य सरकारात लोकसहभागासाठी वेगळं पद तयार झालं, २०१३ मध्ये देशाच्या प्रशासकीय कायद्यात मोठ्या प्रकल्पांसाठी लवकर सहभागाचं कलम आलं, म्हणजे रीतसर अर्ज करायच्या आधीच लोकांशी बोलायचं. आणि अभियंत्यांच्या संघटनेने, व्हीडीआयने, २०१५ मध्ये याच विषयावर स्वतःचं मार्गदर्शक तत्त्व काढलं, नंबर ७०००. ज्या संघटनेची तत्त्वं पाइप आणि मशीनसाठी वापरली जातात तिने लोकांशी कधी आणि कसं बोलायचं यावर लिहिलं, म्हणजे ते अभियंत्याच्या कामाचाच भाग आहे असं मान्य केलं.

निवृत्त अभियंता

हे माहीत नव्हतं. अभियंत्याला अभियंत्याच्याच भाषेत सांगितलेलं पटतं, ट्रेनिंगमध्ये हे जरूर दाखवा.

चाकांवरची

सगळे कधी आणि काय यावर बोलताय, मी कुठे यावर बोलते. मी व्हीलचेअर वापरते. आमच्या भागातल्या फुटपाथांच्या आराखड्यावर बैठक होती, फुटपाथांच्या! दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोन केला तर अतिशय आदराने सांगितलं की तुम्ही खाली थांबा, आम्ही तुमचं मत लिहून घेऊ. खाली एक शिपाई वही घेऊन आला. मी परत गेले.

तेव्हा अधिकाऱ्यांना शिकवताना कोण आलं याच्या आधी कोण येऊ शकलंच नाही ते मोजायला शिकवा. अकरा वाजता ठेवली तर नोकरी करणारे नाहीत, संध्याकाळी ठेवली तर लहान मुलांच्या आया नाहीत. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं की वयाच्या साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमध्ये दिसेनाशा होतात. त्या बैठकीला आल्या नव्हत्या, तक्रार केली नव्हती, फक्त दिसत नव्हत्या. मग १९९९ मध्ये दोन बागा बदलून पाहिल्या, वाटा वाढवल्या, मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले म्हणजे एकाच टोळक्याने सगळी जागा अडवायला नको, आणि मुली परत आल्या. तिथे कुणी सभा नसती घेतली तरी चाललं असतं, कुणीतरी बसून पाहिलं हे महत्त्वाचं. पाहणं हेसुद्धा ट्रेनिंगमध्ये शिकवतात का? एखाद्या चौकात दोन तास नुसतं बसायला?

नकाशावाली

चाकांवरची, मनापासून आभार. खरं सांगायचं तर मी हे फारच कमी शिकवते, अर्धा तास चालायला नेते एवढंच, आणि त्यातही गटात व्हीलचेअरवरचं कुणी कधी नव्हतं. पुढच्या बॅचला दोन तास चौकात बसवणार, आणि बैठकीची जागा ठरवायचा सराव जिना चढता न येणाऱ्या माणसासोबत करणार.

शंकासुर

नकाशावालीचा तक्ता मला आवडला, ठरलंय काय आणि बदलू शकतं काय. माझी भूमिका तेवढी नरम करतो. पण तो तक्ता सार्वजनिक व्हायला हवा. वर्गात भरून वर्गातच राहिला तर उपयोग नाही. सभेच्या आमंत्रणावरच छापा.

मुक्काम

सगळं ऑनलाइन का करत नाही? लोक घरबसल्या मत देतील, लिफ्टचा प्रश्नच नाही.

चाकांवरची

माझ्यापुरतं सोपं होईल, पण माझ्या आईला नाही जमणार. आणि ऑनलाइनवरही उत्तर कोण देणार हा प्रश्न तसाच राहतो ना.

गवाक्ष

मुक्काम, बार्सिलोनाने २०१६ मध्ये पालिकेच्या कृती आराखड्यासाठी असं व्यासपीठ उभं केलं, डेसिडिम नावाचं, कोड खुला आहे, आता इतर शहरंही वापरतात. पण तिथेही सोबत प्रत्यक्ष सभा होत्या, आणि आलेल्या सूचनेचं पुढे काय झालं, स्वीकारली की नाकारली आणि का, हे त्याच जागी दिसायची सोय आहे. ते नसेल तर ती नुसती ऑनलाइन तक्रारपेटी.

पायवाट

अजून एक विचारायचं होतं. आमच्या सुनावणीत दोन-तीन माणसंच बोलत राहिली, माइक सोडेनात. आम्ही बायका गप्प बसलो. याला काय शिकवता?

नकाशावाली

यावर मला एक जुनी ब्रिटिश पद्धत फार उपयोगी वाटते, सत्तरच्या दशकात टोनी गिब्सन यांनी वापरात आणलेली. वस्तीचं मोठं मॉडेल करायचं, पुठ्ठ्याचं, शक्यतो तिथल्या लोकांनीच केलेलं. टेबलावर ठेवायचं आणि छोटी कार्डं द्यायची, दिवा हवा, झाड हवं, क्रॉसिंग हवं, इथे धोका आहे. ज्याला जे वाटतं ते त्या जागेवर ठेवायचं. माइकच नाही म्हटल्यावर तो बळकावायचा प्रश्न नाही. दोन जणांनी एकाच जागी वेगवेगळी कार्डं ठेवली की दोघंही मॉडेलकडे बघून बोलतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघून नाही, त्यामुळे आवाज चढत नाही. अधिकारी आजूबाजूला उभे असतात, छातीवर नाव आणि काम लिहिलेलं, विचारलं तरच बोलायचं. शेवटची अट पाळणं अधिकाऱ्यांना सगळ्यात जड जातं. सरावात मी घड्याळ लावते, दहा मिनिटं न बोलता उभं राहायचं. अनुभवी माणसं चौथ्या मिनिटाला ‘नाही पण तिथून केबल जाते’ म्हणून सुरू होतात.

तुमचं क्रॉसिंगचं कार्ड त्या टेबलावर पडलं असतं तर शाळेतल्या अजून पाच आयांनी तिथेच ठेवलं असतं, आणि उतार जास्त आहे हेही रस्त्याच्या अभियंत्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं.

उंबरठा

दोन महिन्यांनी हा धागा वर काढतेय, सॉरी. सगळं वाचून ठेवलं होतं, आता जे केलं ते सांगते.

बैठकीची परवानगी नाही मिळाली. तेव्हा उलट्या टोकाने सुरू केलं. आमच्याकडे एका जुन्या, छोट्या आराखड्याच्या हरकती-सूचना पडून होत्या, निर्णय झालेले पण कुणालाच कळवलेलं नाही. ४१ अर्ज. साहेबांना म्हटलं की निदान उत्तरं पाठवूया. पत्रांवर सही करायला ते तयार नव्हते (निवृत्त अभियंता सर, तुम्ही लिहिलेलंच कारण, कोर्ट). मग मी तुमची प्रतिक्रिया त्यांना वाचून दाखवली, म्हाताऱ्या बाईंची आणि भरावाची. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले पत्रं नको, वॉर्ड ऑफिसच्या बाहेर बोर्ड लाव, तळमजल्याला, नावं न घालता अर्ज क्रमांक घालून. तीन रकाने, सूचना काय होती, मान्य की अमान्य, कारण.

बसून फाइली काढल्या. १९ पूर्ण किंवा अंशतः मान्य निघाल्या! त्या लोकांना माहीतच नाही की त्यांचं ऐकलं गेलं. १५ अमान्य आहेत आणि कारण फाइलमध्ये आहे, बहुतेक ठीक कारणं आहेत, एका ओळीत साध्या भाषेत लिहून काढली. पायवाट ताई, तुमची ती उताराची ओळ नमुना म्हणून समोर ठेवली होती.

उरल्या सात. त्या अमान्य आहेत आणि फाइलमध्ये कारणच नाही. टिपणी नाही, जागेची पाहणी नाही, फक्त ‘अमान्य’ आणि सही. ज्यांची सही आहे ते बदलून गेलेत. एक सहकारी म्हणतो काहीतरी लिहून टाक, ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’. मला ते लिहवत नाही. साहेब म्हणतात तू ठरव. बोर्ड सोमवारी लावायचा आहे. सातांपुढचा रकाना कोरा ठेवून लावू का?

निवृत्त अभियंता

‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ लिहू नका. मी ते वाक्य खूप वेळा लिहिलंय आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. ‘कारण नोंदवलेलं आढळलं नाही’ असं लिहा. साहेबांना ते जड जाईल, पण फाइलशी जुळणारं तेच आहे, कोर्टातही तेच टिकेल. आणि त्या सातही जागा सोमवारच्या आत एकदा पायी पाहून या, जमलं तर साहेबांना घेऊन.

पायवाट

लावा. त्या सातांपैकी एक मी असते तर कोऱ्या रकान्यासमोर सुद्धा उभी राहिले असते, आत येऊन विचारलं असतं. फक्त बोर्डाखाली लिहा की विचारायला कुणाकडे यायचं आणि किती वाजता.

उंबरठा

लिहिते. माझं टेबल, मंगळवार आणि गुरुवार, चार ते सहा. तळमजल्यावर हलवून घेतलंय.